व्हेनिस : पाण्यातलं शहर आणि दारावरची पाटी

(सोसायटीच्या 2024 च्या कोजागरी संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एप्रिलमध्ये आपल्या सोसायटीतले आम्ही आठ जण युरोपला जाऊन आलो, हे एव्हाना वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत झालं आहे. प्रवासवर्णन ऐकवायची आमची हौस ओळखून सेक्रेटरींनी आधीच बजावलं, "काका, पंधरा दिवसांचं सांगू नका. एकच गाव निवडा." म्हणून मी व्हेनिस निवडलं. तिथे आम्ही चार रात्री राहिलो. माझं सगळं आयुष्य पाणीपुरवठा खात्यात गेलं, त्यामुळे पाण्यावर उभं असलेलं गाव म्हटल्यावर माझी निवड ठरलेलीच होती.

आमची टोळी तुम्हाला ठाऊक आहे. ए विंगमधून मी आणि आमची ही. बी विंगचे डॉक्टर आणि वहिनी. आपल्या माजी खजिनदारबाई आणि त्यांचे यजमान. आणि तळमजल्यावरचे मालवणचे भाऊ आणि भावजय. आता यात डॉक्टर कडक शाकाहारी, खजिनदारबाईंचा कांदा-लसूण महिन्यातले अर्धे दिवस बंद, यजमानांना मधुमेह, आणि भाऊंना मासळीशिवाय जेवण हे जेवणच वाटत नाही. अशा आठ जणांना एका टेबलावर बसवून जेवू घालणं हे व्हेनिस बघण्याइतकंच मोठं काम होतं.

मिलानहून रेल्वेने निघालो. शेवटी गाडी पाण्यावरच्या लांबलचक पुलावरून जाते. हा पूल 1846 सालचा आहे, त्याआधी या गावाला जमिनीचा रस्ताच नव्हता. स्टेशनच्या बाहेर आलं की समोर रिक्षा स्टँड नाही, बसस्टॉप नाही. पायऱ्या उतरल्या की थेट मोठा कालवा, ग्रँड कॅनाल. आमची भावजय तिथेच बॅगेवर बसली आणि म्हणाली, "आता थोडा वेळ काही बोलू नका. मला बघू दे."

सव्वाशेच्या आसपास बेटं, दीडशेच्या आसपास कालवे आणि चारशेच्या वर पूल, असं हे गाव आहे. गाडी नाही, स्कूटर नाही, सायकलही नाही. अ‍ॅम्ब्युलन्स होडी, अग्निशमन दल होडी, कचऱ्याची गाडी होडी. बसच्या जागी वापोरेत्तो नावाची मोठी बोट. तिचं तिकीट साडेनऊ युरो, म्हणजे साडेआठशे रुपये! खजिनदारबाईंनी लगेच काही दिवस चालणारा पास काढायला लावला आणि मग तो वसूल होईपर्यंत आम्हाला बोटीतून उतरू दिलं नाही.

गोंडोलाची मात्र गोष्ट वेगळी. अर्ध्या तासाला नव्वद युरो, आणि एकात जास्तीत जास्त पाच जण. आम्ही आठ, म्हणजे दोन गोंडोला, म्हणजे सोळा हजार रुपये. "सोळा हजारांत आपल्या टाकीचं वॉटरप्रूफिंग सुरू होतं," हे खजिनदारबाईंचं वाक्य. मग आम्हाला त्राघेत्तो सापडला. मोठ्या कालव्यावर पूल फक्त चार, तेव्हा मधल्या ठिकाणी लोकांना या काठावरून त्या काठावर नेणारी ही साधी गोंडोलाच. दोन युरोत दोन मिनिटं. हौस फिटली, आणि तीही बाजारात जाणाऱ्या लोकांच्या बरोबरीने.

पलीकडे रिआल्तोचा बाजार. मासळीबाजाराची कमानींची इमारत, बर्फावर मांडलेले मासे, आणि भाऊ. त्यांना तिथून हलवायला पाऊण तास लागला. भाषा येत नव्हती, पण कोळंबी, माकूल, तारली यांना भाषा लागत नाही. तिथे भिंतीवर संगमरवराची एक जुनी पाटी आहे. कोणता मासा किमान किती लांबीचा असला तरच विकायचा, याची यादी दगडात कोरलेली. पिल्लं मारून खाल्ली तर पुढच्या वर्षी मासा कुठून येणार, हे या लोकांनी बाजाराच्या भिंतीवरच लिहून ठेवलं. भाऊ ती पाटी बघून बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "आमच्या किनाऱ्यावर अशी एक पाटी हवी होती."

आता जेवणाकडे वळतो, कारण बायकामंडळी खुणा करताहेत.

व्हेनिसमध्ये आपल्याकडच्या खानावळीसारखे छोटे अड्डे असतात, त्यांना बाकारो म्हणतात. काउंटरवर काचेमागे छोटे छोटे पदार्थ मांडलेले, त्यांना चिकेत्ती म्हणायचं. पावाच्या चकतीवर काहीतरी, किंवा तळलेलं काहीतरी. उभ्याउभ्या खायचं, हातात वाइनचा छोटा पेला, आणि पुढच्या अड्ड्यावर जायचं. त्या पेल्याला ते 'ओम्ब्रा' म्हणतात, म्हणजे सावली. सांगतात की पूर्वी सेंट मार्क चौकातले वाइनवाले घंटाघराच्या सावलीत गाडी लावायचे आणि सावली सरकेल तशी गाडी सरकवायचे. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट छान आहे. उभं राहून खाल्लं तर स्वस्त, बसलं की महाग. शिवाय बऱ्याच ठिकाणी टेबलावर बसण्याचेच माणशी पैसे बिलात येतात, त्याला 'कोपेर्तो' म्हणतात. हा शब्द खजिनदारबाईंनी पहिल्या दिवशीच पाठ केला.

भाऊंनी मागवली 'सार्दे इन साओर'. म्हणजे आपली तारलीच. तळायची, मग भरपूर कांदा मंद आचेवर शिजवून त्यात व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोज्यासारख्या बिया घालून थरावर थर लावायचे, आणि एक-दोन दिवस मुरू द्यायचं. खलाशांना समुद्रावर टिकावं म्हणून काढलेली ही युक्ती. भाऊंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "व्हिनेगरच्या जागी सोलं घातली असती तर ही बाई मालवणची असती." दुसरा पदार्थ 'बाकाला'. नॉर्वेकडचा, लाकडासारखा कडक वाळवलेला मासा भिजवून, शिजवून, तेलात घोटून लोण्यासारखा करतात. 1431 साली निघालेलं पिएत्रो क्वेरिनी नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं जहाज वादळात सापडलं, आणि वाचलेली माणसं नॉर्वेजवळच्या बेटावर लागली. तिथल्या कोळ्यांनी त्यांना महिनोन्‌महिने सांभाळलं, आणि हा वाळवलेला मासा व्हेनिसला माहीत झाला, असं ते लोक सांगतात.

आमच्या शाकाहारी मंडळींची परीक्षा अवघड होती. 'बिगोली इन साल्सा' नावाच्या जाड शेवयांत वरून फक्त कांदा दिसतो, पण त्यात खारवलेले छोटे मासे विरघळलेले असतात. डॉक्टरांनी वासावरून ओळखलं. मग आमच्या हिने मोबाइलवरून दोन शब्द शिकून घेतले : 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे'. मांस नको, मासा नको. हे दोन शब्द आमच्यासाठी रामरक्षेसारखे झाले. त्यांच्या जोरावर 'रिझी ए बिझी' मिळाला, म्हणजे पातळसर मटारभात. त्यात एरवी डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, ते आम्ही विचारून वगळले. पोलेंता म्हणजे मक्याचा सांजा. आणि जवळच्या सांत एरास्मो बेटावरचे कोवळे जांभळे आर्टिचोक, ते एप्रिल-मेमध्येच मिळतात. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे इथेही भाजी ऋतूप्रमाणेच खातात. उगाच पिझ्झा पिझ्झा करतो आपण."

आम्ही 25 एप्रिलला तिथे होतो. तो संत मार्कचा दिवस, या गावाच्या ग्रामदेवतेचा उत्सवच म्हणा ना. त्या दिवशी पूर्वी राज्यप्रमुखाला, म्हणजे डोजला, हाच मटारभात वाढत. आणि त्या दिवशी पुरुषाने आपल्या बायकोला लाल गुलाबाची कळी द्यायची पद्धत आहे. आम्ही चौघांनी चार कळ्या आणल्या. चौघींनीही आधी "केवढ्याला पडली?" असंच विचारलं.

सेंट मार्क चौक, डोजचा महाल, चर्चमधलं सोनेरी मोझेक, काचेच्या कामाचं मुरानो, रंगीत घरांचं बुरानो, हे सगळं तुम्हाला इंटरनेटवर माझ्यापेक्षा चांगलं दिसेल. ते सोडून मी तीनच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट घंटाघराची. सेंट मार्क चौकातला जवळजवळ 99 मीटर उंचीचा मनोरा 14 जुलै 1902 ला सकाळी कोसळला. आधी भिंतीत भेग दिसली होती, चौक रिकामा केला होता, म्हणून एकही माणूस दगावला नाही. लगेच गावाने ठरवलं की तो जिथे होता तिथेच आणि जसा होता तसाच बांधायचा. 25 एप्रिल 1912 ला नवा मनोरा उघडला. दहा वर्षं लागली. आपल्याकडे दोन वर्षांपासून स्ट्रक्चरल ऑडिटची फाइल फिरते आहे, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

दुसरी गोष्ट पुतळीची. चौकातल्या कोरेर संग्रहालयात जुनी नाणी आहेत. व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट, 1284 पासून पाडू लागले. साडेतीन ग्रॅम, आणि पाचशे वर्षं सोन्याचा कस जवळजवळ बदलला नाही. म्हणून जगभर चाललं. मिरी-मसाल्याच्या बदल्यात ते आपल्याकडेही आलं. त्यावर माणसांच्या आकृत्या म्हणून आपल्या लोकांनी त्याला नाव दिलं 'पुतळी'. काचेतलं नाणं बघून वहिनी एकदम ओरडल्याच, "अहो, ही तर आमच्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली!" शेजारचा पहारेकरी दचकला. आजीच्या गळ्यातली माळ आणि हे पाण्यातलं गाव यांचं असं नातं निघेल, हे आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं.

तिसरी गोष्ट पाण्याची, ती जरा सविस्तर सांगतो. चारही बाजूंना पाणी, पण खारं. मग हे लोक शेकडो वर्षं प्यायले काय? प्रत्येक चौकात दगडी कठड्याची एक विहीर दिसते. ती खरी विहीर नाही. चौक खोल खणायचा, खड्ड्याला आतून चिकणमातीचं अस्तर लावायचं म्हणजे खारं पाणी आत येत नाही, मग वाळू भरायची आणि मधोमध विटांची नळी बांधायची. चौकात पडलेलं पावसाचं पाणी जाळ्यांतून वाळूत उतरतं, गाळून नळीत साठतं. आज आपण ज्याला रेनवॉटर हार्वेस्टिंग म्हणतो आणि ज्याच्यासाठी मालमत्ता करात सवलत मागतो, ते हेच. त्या विहिरीवर झाकण आणि कुलूप असे. ठराविक वेळी घंटा वाजे, झाकण उघडे, आणि आसपासची घरं पाणी भरून घेत. नळाचं पाणी मुख्य भूमीवरून 1884 साली आलं, तोवर असंच चाललं. पाण्याची वेळ, रांग, आणि रांगेतल्या गप्पा! मी तिथे उभा राहिलो तेव्हा मला माझं सगळं खातं आठवलं.

आणि घरं उभी कशावर? चिखलात ठोकलेल्या लाखो लाकडी खांबांवर. चिखलात हवा पोहोचत नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. पण म्हणून काही न करता गाव उभं राहिलेलं नाही. खाडी गाळाने भरू नये म्हणून त्यांनी मोठ्या नद्यांची तोंडं वळवली. पाण्यावर लक्ष ठेवायला 1501 साली वेगळं खातं नेमलं. आजही कालव्याचा एकेक तुकडा दोन्हीकडून बांध घालून अडवतात, पाणी उपसतात, गाळ काढतात, भिंती दुरुस्त करतात. 1966 च्या पुरात पाणी 194 सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं, 2019 मध्ये 187 पर्यंत. आता समुद्राच्या तोंडाशी 78 दरवाजे बसवले आहेत. भरती मोठी असली की ते वर उठतात आणि पाणी अडवतात. 3 ऑक्टोबर 2020 ला खऱ्या भरतीत ते पहिल्यांदा उठले आणि चौक कोरडा राहिला. म्हणजे पाण्याशी त्यांनी हजार वर्षं टक्कर दिली आणि पाण्याने त्यांना हरवलेलं नाही.

मग गाव धोक्यात आहे ते कशाने? इथे मला मुद्द्यावर यायचं आहे.

रिआल्तो पुलाजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधाच्या दुकानाच्या काचेत एक आकडा लावलेला असतो. सोन्याचा भाव नाही, क्रिकेटचा स्कोअर नाही. व्हेनिसच्या जुन्या गावात आज किती माणसं राहतात, तो आकडा. 1951 साली ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. 2022 मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेली. आणि 2023 मध्ये पर्यटकांसाठीच्या खाटा गावात राहणाऱ्या माणसांपेक्षा जास्त झाल्या. 25 एप्रिललाच, आम्ही होतो त्या दिवशी, एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांना पाच युरो प्रवेशफी पहिल्यांदा लागू झाली. राहायला असलेल्यांना ती माफ होती. गावातले काही लोक त्या फीविरुद्ध निषेध करत होते. आमचं गाव म्हणजे तिकीट लावून बघायची जागा नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही उतरलो होतो ते घर चार मजली. दारावर पितळी घंटांची पट्टी, आठ बटणं. सात बटणांवर नुसते आकडे किंवा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची नावं. एकाच बटणावर आडनाव. त्या आजी तिसऱ्या मजल्यावर राहतात. ऐंशीच्या पुढच्या असतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या भाजीची चाकांची पिशवी घेऊन पुलाच्या पायथ्याशी उभ्या दिसल्या. पूल म्हणजे पायऱ्या, आणि पायऱ्यांवर फोटो काढणारी गर्दी. भाऊंनी पिशवी उचलली, डॉक्टरांनी हात दिला, आणि आम्ही आठ जणांची वरात आजींना घेऊन घरी आलो.

दारात उभं राहून मोबाइलच्या भाषांतरावर गप्पा झाल्या. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा आठही बटणांवर नावं होती. खाली पाववाला होता, आता तिथे मुखवट्यांचं दुकान आहे. "मुखवटे खाता येत नाहीत," असं त्या म्हणाल्या, आणि हसल्या. त्यांच्या बहिणीचा मुलगा मुख्य भूमीवर राहतो, रविवारी येतो. मग त्यांनी विचारलं, तुम्ही नातेवाईक का? आमची ही म्हणाली, "नाही, शेजारी." आजींना वाटलं भाषांतर चुकलं. त्यांनी परत विचारलं. "आठही जण एकाच इमारतीत राहता?" हो म्हटलं. त्यांनी माझ्या बायकोचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मोबाइलवर जे उमटलं ते एवढंच : "मग तुमच्याकडे अजून सगळं आहे."

मित्रहो, त्या रात्री आमच्यापैकी कोणी फारसं बोललं नाही. खजिनदारबाईसुद्धा.

लाकडी खांब, नद्या, दरवाजे, मनोरे हे सगळं माणसाला सांभाळता येतं, पैसा उभा करता येतो. पण विहिरीची घंटा वाजल्यावर बाहेर येणारं माणूसच नसेल, तर ती विहीर फक्त फोटो काढायच्या कामाची.

आपल्या सोसायटीला पुढच्या वर्षी पंचवीस वर्षं पूर्ण होतील. तुम्ही परत जाताना प्रत्येक विंगच्या जिन्याखालची नावांची पाटी जरा बघा. पांढऱ्या अक्षरांतली, पंचवीस वर्षांपूर्वी रंगवलेली. त्यावरची किती माणसं आज इथे राहतात? काही देवाघरी गेली. काहींची मुलं बंगळुरूला, कॅनडात, आणि दाराला कुलूप. यात कुणाचा दोष नाही, माझाही मुलगा बाहेरच आहे. आणि आता उलटं बघा. जी माणसं खरोखर इथे राहतात, लिफ्टमध्ये रोज भेटतात, गणपतीत आपल्या मुलांबरोबर नाचतात, त्यांतल्या कितीजणांची नावं त्या पाटीवर आहेत? आपले भाडेकरू. त्यांच्यापैकी काही सात-आठ वर्षं इथे आहेत. आपण त्यांच्याकडून वर्गणी घेतो, पण पंगतीला त्यांना वेगळं बोलवावं लागतं. 'मेंबर नाहीत' म्हणतो आणि मोकळे होतो. सभेत मत कोणी द्यायचं ते उपविधी ठरवतील, त्यात मला पडायचं नाही. पण शेजारी कोण, हे उपविधी ठरवत नाहीत.

म्हणून माझी कमिटीला एक विनंती आहे, आणि ती आम्हा आठही जणांची आहे. रौप्यमहोत्सवासाठी रंगकाम निघणारच आहे. त्यात त्या पाट्या नव्याने लिहा, आणि मालकाच्या नावाखाली आज जो तिथे राहतो त्याचंही नाव लिहा. माणूस बदलला की पट्टी बदलता येईल अशी सोय करा, फार खर्च नाही. खजिनदारबाईंनी हिशेब करून आणला आहे, त्या सादर करतील. आणि बंद घरांच्या मालकांना महोत्सवाचं पत्र पाठवताना नुसती थकबाकी कळवू नका, या म्हणून लिहा.

एकेका बटणावर नाव असलेली इमारत किती मोलाची असते, हे सांगायला आम्हाला तिसऱ्या मजल्यावरच्या एक परक्या आजी भेटल्या. आपल्याला ते आजच ठाऊक झालं आहे, हे आपलं भाग्य.